मानेच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकायचाय? आधी गोळ्या बघा

काकांची तारीख ठरली, म्हणून हे लिहून ठेवतेय. फाइल, आधार कार्ड, मेडिक्लेमची पूर्वपरवानगी हे कुणीही घेतं. मला सांगायचंय ते गोळ्यांचं.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही. कॅरोटिड म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी; तिच्यात स्टेंट टाकायच्या काही दिवस आधीपासून दोन्ही चालू लागतात, कारण स्टेंटच्या जाळीवर गुठळी धरली तर ती सरळ मेंदूत जाते. हर्नियासारख्या ऑपरेशनआधी रक्त पातळ करणारी गोळी बहुधा बंद करतात आणि घरोघरी तेच डोक्यात बसलेलं असतं. इथे उलट आहे. बाबांच्या वेळी शेजाऱ्यांचं ऐकून क्लोपिडोग्रेल बंद केली आणि कॅथलॅबच्या, म्हणजे स्टेंट टाकतात त्या खोलीच्या, दारातून परत यावं लागलं. तेव्हा बंद करू नका. दाताच्या डॉक्टरांनी थांबवायला सांगितली तरी आधी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेत असाल तर तेही सांगा, त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर तिचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवतील.

किडनी कशी चालते ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासलेलं हवंच, कारण रक्तवाहिनी एक्स-रेत दिसावी म्हणून सोडतात तो डाय किडनीवाटे बाहेर पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी डायची ॲलर्जी झाली असेल, तर ते भरती व्हायच्या दिवशी सांगून उपयोग नाही. आधीच सांगा. सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नाही ते लिहूनच घ्या. स्टेंट टाकताना मानेतल्या रक्तवाहिनीत छोटा फुगा फुगवला की नाडी मंदावते, बीपी झपकन उतरू शकतं. आणि उपाशी राहायचं म्हणजे क्लोपिडोग्रेलही चुकवायची, असं अजिबात नाही! घोटभर पाण्याबरोबर कधी घ्यायची ते विचारा आणि पेशंटने ती गिळलेली स्वतः बघा.

कानाचं यंत्र काढून घरी आणू नका. पेशंट बहुतेक वेळा जागाच असतो. हातातला रबरी बॉल दाबायला लावतात, नाव विचारतात, त्यावरून मेंदूला रक्त नीट पोचतंय का ते कळतं. ऐकूच आलं नाही तर उत्तर देणार कसं?

नंतरचं थोडक्यात. जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून केलं असेल तर सांगतील तितके तास पाय सरळ. रात्रभर बीपीवर लक्ष. घरी आल्यावर एका बाजूचं डोकं जोरात दुखलं, आकडी आली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर लगेच 108.

डिस्चार्ज कार्डवर क्लोपिडोग्रेल कधीपर्यंत ते लिहून घ्या. निदान 4 आठवडे असतेच, ॲस्पिरिन त्यापुढेही. पाकीट संपायच्या आत दुसरं आणा.