ध्यानाला बसताना या चुका टाळा (आणि पाण्याच्या मोटरीशी भांडू नका)

"सर, विचार थांबतच नाहीत." सकाळच्या बॅचला नवीन माणूस आला की आठवड्याच्या आत हे वाक्य येतंच. अहो, थांबवायला सांगितलं कोणी? १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं होतं : पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. विचार आला की मी मनात 'विचार' एवढंच म्हणतो आणि श्वासाकडे परत येतो. दहा मिनिटांत चाळीसदा यावं लागलं, तर चाळीसदा.

खरी चीड येते ती शांत जागा शोधत फिरणाऱ्यांची, कारण मीही त्यातलाच. आमच्या सोसायटीत पावणेसहाला पाण्याची मोटर लागते आणि मी नेमका तेव्हाच बसायचो. आधी खिडक्या लावल्या. मग कानात कापूस. शेवटी वॉचमनकाकांशी हुज्जत घालून मोटर सव्वासातवर ढकलली. दुसऱ्या दिवशी डक्टमधली कबुतरं ऐकू यायला लागली. वर सातव्या मजल्यावरच्या आजींना आंघोळीला पाणी मिळेना, त्या थेट आमच्या दारात! मोटर मुकाट्याने पुन्हा पावणेसहाला.

मग पहिल्यांदा ती नीट ऐकली. आधी घरघर, मग एकसुरी घूंऽऽ, मध्येच पाइपातल्या हवेचा ठसका. बस्स. 'कमिटी झोपलीये का', 'माझंच नशीब' हे सगळं मी वरून घालत होतो. आता नवशिक्यांना मी मुद्दाम खिडकीपाशी बसवतो. आवाज कसला, कोणाचा, याच्या मागे लागायचं नाही. लांबचा की जवळचा, चढतोय की उतरतोय, एवढंच ऐकायचं. कुकरची शिट्टी यासाठी उत्तम. मात्र कुकर स्वतःच्याच घरचा असेल तर उठून गॅस बंद करा, साक्षीभावाने डाळ करपवू नका.

पोटभर पोहे खाऊन बसू नका, घोराल. ॲपवरचे सलग दिवस मोजत बसू नका. धडधड वाढून घाबरल्यासारखं झालं तर डोळे उघडा, उठून चाला. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना गाठा.

आणि तिसऱ्याच दिवशी "सर, पुढची स्टेप?" विचारू नका. इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते आणि पहिले तीन दिवस, रोज दहाएक तास, नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो. आमच्याकडे वीस मिनिटं. त्यातली पाच चटई सरळ करण्यात जातात.