एचडी वाहिन्यांसाठी डीटीएच कंपनी कशी निवडावी

डीटीएच कंपन्यांच्या जाहिरातींत एचडी वाहिन्यांचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि पुष्कळ ग्राहक त्याच आकड्यावरून कंपनी ठरवतात. माझ्या मते हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. भारतात एखादी वाहिनी एकाच कंपनीच्या छत्रीवर दिसेल असा करार करता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमांनुसार प्रसारकाने (वाहिनी चालवणाऱ्या कंपनीने) आपल्या वाहिन्या मागेल त्या वितरकाला (डीटीएच किंवा केबल कंपनीला) भेदभाव न करता द्यायच्या असतात. अमेरिकेत डायरेक्टीव्ही या उपग्रह दूरचित्रवाणी कंपनीने एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, रविवारच्या सामन्यांचे पॅकेज १९९४ पासून २०२२ च्या हंगामापर्यंत उपग्रह सेवेत स्वतःकडेच राखले आणि त्या जोरावर ग्राहक मिळवले. आपल्याकडे ते शक्य नसल्यामुळे टाटा प्ले, एअरटेल, सन डायरेक्ट आणि डिश टीव्ही (डी२एच हा ब्रँडही २०१८ च्या विलीनीकरणानंतर याच कंपनीकडे आला) यांची एचडीवरची चढाओढ प्रत्यक्षात तीन गोष्टींवर चालते: उपग्रहावर जागा किती आहे, त्या जागेत वाहिन्या किती दाटीने बसवल्या आहेत आणि महिन्याचे बिल कसे आकारले जाते.

जागेचा प्रश्न नीट समजून घेतला की बाकीची निवड सोपी होते. एसडी, म्हणजे साधे, चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते आणि पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, म्हणजे बरोबर पाचपट. उपग्रहावरच्या प्रत्येक ट्रान्सपाँडरची (जमिनीवरून आलेला संदेश पुन्हा खाली पाठवणाऱ्या यंत्राची) वहनक्षमता मात्र ठरलेली असते. भारतात २०१० मध्ये खासगी डीटीएचवर एचडी सुरू झाले आणि त्याच वर्षी दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. तेव्हापासून वाहिन्यांची संख्या वाढवायची असेल तर कंपनीपुढे दोनच मार्ग राहिले आहेत. एक, नवी उपग्रह क्षमता घेणे. जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ ने सोडलेला जीसॅट-२४ हा केयू बँडचे (डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींच्या पट्ट्याचे) २४ ट्रान्सपाँडर असलेला उपग्रह पूर्णपणे टाटा प्लेसाठी घेतला गेला, तो याच कारणाने. दुसरा मार्ग म्हणजे आहे त्याच जागेत प्रत्येक वाहिनीचे चित्र अधिक आवळणे. चांगले एन्कोडर (चित्र आवळणारी यंत्रे) वापरून हे काम नीटही करता येते. परंतु मर्यादेपलीकडे आवळलेले चित्र नावापुरतेच एचडी उरते, आणि ते जाहिरातीतल्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

म्हणून पहिले काम घरातच करावे. एक आठवडा घरातील सर्वजण प्रत्यक्षात काय पाहतात याची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे तिची एचडी आवृत्ती अस्तित्वात आहे का, हे लिहावे. झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या वाहिन्या एचडीत आहेत. मराठी वृत्तवाहिन्या मात्र बहुतेक एसडीतच आहेत, त्यामुळे ज्या घरात संध्याकाळी बातम्याच लागतात त्या घराला शंभर एचडी वाहिन्यांचा उपयोग नाही. क्रिकेट, निसर्गपट आणि चित्रपट यांत एचडीचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. दूरचित्रवाणी संच ३२ इंची असेल आणि दहा-बारा फुटांवरून पाहिला जात असेल, तर तो फरक बराच कमी होतो. अशा वेळी दोन-तीन क्रीडा वाहिन्या एचडीत आणि बाकी सर्व एसडीत घेण्यात काहीही कमीपणा नाही. ही यादी हाती आली की कंपनीच्या संकेतस्थळावरील वाहिनीसूचीत एकेक नाव शोधावे. विक्रेत्याच्या तोंडी 'सगळं आहे' यावर विसंबू नये, कारण वाहिनी देणे प्रसारकाला बंधनकारक असले तरी दराच्या वादातून ती मध्येच पॅकबाहेर जाऊ शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये टाटा स्काय (आजची टाटा प्ले) आणि सोनी यांच्यातील वादात असेच घडले होते.

यानंतर बिल पाहावे. येथे ग्राहकाची सर्वाधिक गफलत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या व्यवस्थेत बिलाचे दोन भाग आहेत: वाहिन्यांची किंमत आणि नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याबद्दल कंपनी घेते ते शुल्क. वाहिनीची कमाल किरकोळ किंमत प्रसारक ठरवतो आणि वितरक तिच्यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, म्हणून सुट्या वाहिनीच्या दरात दोन कंपन्यांमध्ये सहसा मोठा फरक सापडत नाही. फरक सापडतो तो क्षमता शुल्कात आणि कंपनीने स्वतः बांधलेल्या पॅकवरील सवलतीत. हे शुल्क आरंभी १०० एसडी वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये होते आणि एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांएवढी मोजली जात असे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे आता प्रत्येक कंपनीला 'माझ्या यादीसाठी क्षमता शुल्क किती आणि करासह एकूण किती' असा नेमका प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे. समजा, निवडलेल्या वाहिन्यांची किंमत २०० रुपये आणि क्षमता शुल्क १३० रुपये झाले, तर १८ टक्के जीएसटीसह महिन्याला ३८९ रुपये ४० पैसे द्यावे लागतील. जाहिरातीतला आकडा करापूर्वीचा आहे की नंतरचा, हे या हिशेबाने लगेच लक्षात येते.

दुहेरी आकारणी टाळण्यासाठी आणखी एक गोष्ट तपासावी. एकाच वाहिनीची एचडी आणि एसडी अशा दोन्ही आवृत्त्या एकाच पॅकमध्ये घालण्यास नियमाने मनाई आहे. परंतु ग्राहकाने स्वतःच एसडीचा पॅक घेऊन त्यावर तीच वाहिनी सुटी एचडीत जोडली, तर दोन्हींचे पैसे लागतात. एचडी आणि एसडी या दोन स्वतंत्र वाहिन्या समजल्या जातात. एक घेतली म्हणून दुसरी फुकट येत नाही. जुन्या जोडणीवर एचडी वाढवणाऱ्यांनी आपल्या पॅकमधली यादी एकदा ओळीने वाचून काढावी आणि नको त्या एसडी जोड्या काढून टाकाव्यात.

चित्राचा दर्जा डोळ्यांनीच पारखावा लागतो. ज्या कंपनीचा विचार चालू आहे तिची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे एखादा थेट सामना वीस मिनिटे पाहावा. कॅमेरा चेंडूमागे वेगाने सीमारेषेकडे वळतो तेव्हा मैदानावरचे गवत गवतच दिसते की हिरव्या रंगाचा सपाट लेप होतो, प्रेक्षकांच्या गर्दीत चौकोनी ठिपके उमटतात का, पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या अक्षरांच्या कडा थरथरतात का, हे पाहावे. चेहऱ्याच्या स्थिर दृश्यावरून काहीही कळत नाही, कारण स्थिर चित्र कितीही आवळले तरी बरे दिसते. मात्र ही परीक्षा घेण्यापूर्वी सेट टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडलेला आहे आणि त्याच्या सेटिंगमध्ये १०८०आय किंवा त्याहून वरचा पर्याय निवडलेला आहे, याची खात्री करावी. लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र येत नाही, आणि तरीही एचडीचे पैसे भरून तीच वायर वर्षानुवर्षे वापरणारी घरे आहेत.

महाराष्ट्र आणि गोव्यात पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. डीटीएचच्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. लहरींना पावसातून जितके जास्त अंतर कापावे लागेल तितकी ही घट वाढते, आणि उपग्रह क्षितिजाच्या जितका जवळ दिसतो तितके हे अंतर जास्त असते. मुंबईहून पाहिल्यास ८३ अंश पूर्वेवरचा टाटा प्लेचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसतो, तर एअरटेलचा १०८.२ अंश पूर्वेवरचा उपग्रह सुमारे ४४ अंशांवर आणि बराच पूर्वेकडे दिसतो. एवढ्यावरून एक कंपनी चांगली आणि दुसरी वाईट ठरत नाही, कारण उपग्रहाची प्रक्षेपणशक्ती आणि छत्रीचा आकारही तितकेच महत्त्वाचे असतात. परंतु खिडकीच्या आग्नेयेला समोरच उंच इमारत किंवा नारळाची झाडे असतील, तर कमी उंचीवरचा उपग्रह त्यांच्या आड जाऊ शकतो. तंत्रज्ञ जागा पाहायला येईल तेव्हा छत्री लावण्याआधीच हा प्रश्न त्याला विचारावा. जोडणी झाल्यावर बॉक्सच्या मेनूतील सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता हे दोन्ही आकडे स्वच्छ हवामानात लिहून ठेवावेत. पुढे चित्र अडखळू लागले आणि कोरड्या दिवशीही गुणवत्तेचा आकडा उतरलेला दिसला, तर दोष पावसाचा नसून हललेल्या छत्रीचा, एलएनबीचा (छत्रीसमोर बसवलेल्या, लहरी टिपणाऱ्या भागाचा) किंवा गंजलेल्या कनेक्टरचा आहे, असे तक्रार नोंदवताना ठामपणे सांगता येते.

एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर व्यवहारात चालत नाही, त्यामुळे कंपनी बदलली की बॉक्सचा खर्च पुन्हा येतो. नवा बॉक्स विकत मिळतो की भाड्याने, हमी किती काळाची आहे, घर बदलल्यास छत्री हलवण्याचे किती पैसे लागतील, हे पैसे देण्यापूर्वीच लेखी घ्यावे. वर्षभराच्या रिचार्जवर सवलत मिळते, तरी नव्या कंपनीचे पहिले रिचार्ज एका महिन्याचेच करावे. शक्य असल्यास जोडणी जूनमध्ये घ्यावी, म्हणजे वर्षाचे पैसे भरण्याआधी तिची परीक्षा पावसातच होऊन जाते.