शाईचं पेन अडतंय? आधी या चुका तपासा

मागच्या दिवाळीत आत्यानं आतोबांचं पेन माझ्या हातात ठेवलं. "बघ रे, चालतंय का. नाहीतर देते ठेवून परत कपाटात, त्यांची आठवण म्हणून." काळं, जाड, ड्रॉपरनं शाई भरायचं, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं पेन. टोपण घट्ट बसलेलं, निबेच्या भेगेत निळी-काळी खपली. आधी दोघातिघांनी ते पाहून 'गेलं हे' असं सांगितलं होतं. खरं तर त्याला काहीही झालं नव्हतं, आत शाई वाळली होती एवढंच. वाटीत फक्त निब बुडेल एवढं साधं पाणी घेतलं आणि ते निळं झालं की बदलत राहिलो. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ राहिलं. चौथ्या दिवशी आत्यानं त्याच पेनानं वाण्याची यादी लिहिली.

ओळखीतले लोक मला बंद पडलेली पेनं आणून देतात आणि त्यातली बहुतेक अशीच निघतात. पेन मोडलेलं नसतं. आपण बॉलपेनच्या सवयी त्याच्यावर लादलेल्या असतात, किंवा ते इतकं जपून ठेवलेलं असतं की आतल्या आत सुकतं.

काय बिघडलं हे ओळखायचं तर पेन चालतं कसं हे ठाऊक हवं. निबेच्या खाली एक काळी पट्टी असते, तिला आम्ही शाळेत जीभ म्हणायचो. तिच्यावरच्या बारीक खाचांतून शाई खाली येते आणि जेवढी शाई बाहेर पडते तेवढीच हवा वर टाकीत जाते. निबेच्या भेगेतून शाई टोकापर्यंत पोहोचते आणि कागदाला टेकली की कागद तिला ओढून घेतो. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला १८८४ साली पेटंट मिळालं ते शाई आणि हवेच्या याच देवाणघेवाणीच्या रचनेसाठी. पेन अडतं तेव्हा शाईची वाट बंद असते, हवेची वाट बंद असते किंवा निबेचं टोक कागदाला नीट टेकत नसतं.

दाबून लिहिणं

सगळ्यात जास्त पेनं या एका चुकीनं खराब होतात. बॉलपेनातली शाई घट्ट असते आणि गोळी फिरल्याशिवाय ती उतरत नाही, म्हणून आपण दाबतो. दाबता यावं म्हणून पेन उभं धरतो. तोच हात शाईच्या पेनावर पडला की निब फाकते. भेग रुंद झाली की शाई तिच्यात धरून राहत नाही, टोकापर्यंत पोहोचत नाही. मग लिहिणारा आणखी दाबतो, निब आणखी फाकते.

पेन तिरपं धरा, साधारण ४५ ते ५५ अंशांत, आणि निबेवरची नक्षी आभाळाकडे राहू द्या. लिहिता लिहिता पेन बोटांत गोल फिरलं तर निबेची एकच बाजू कागदाला लागते आणि शाई थांबते. हाताला सवय लावायची असेल तर पेन शेपटीकडून सैल धरून चार ओळी काढा. पेनाच्या स्वतःच्या वजनानं अक्षर उमटलं पाहिजे. तसं उमटत असेल तर हात सुधारायला हवा. उमटत नसेल तरच पेनाकडे बघा.

याच ओघात निबेच्या जाडीबद्दल. दुकानात इंग्रजी सही करून पाहतात आणि जाड निब घेऊन येतात. घरी 'तत्त्व' किंवा 'सूक्ष्म' लिहायला घेतलं की जोडाक्षराचं पोट शाईनं भरून जातं, अनुस्वाराचा डाग होतो. देवनागरीचं रोजचं बारीक लेखन करायचं असेल तर बारीक निबच घ्यावी. जपानी बनावटीची 'फाइन' निब युरोपी 'फाइन'पेक्षा साधारणपणे बारीक असते, हेही लक्षात ठेवा. दुकानात पेन पाहताना आपलं नाव मराठीत लिहून पाहा, शक्यतो आडनावासकट.

बाटलीवर 'शाई' लिहिलंय म्हणून ती पेनात भरणं

चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई, शिक्क्याच्या पॅडची शाई, बोरू किंवा टाकासाठीची कॅलिग्राफीची शाई, यातलं काहीही फाउंटन पेनात जाता कामा नये. चित्रकलेच्या काळ्या शाईत पुष्कळदा लाख किंवा अॅक्रिलिक असतं. ते एकदा जिभेच्या खाचांत सुकलं की पाण्यानं सुटत नाही. आपल्याकडची काजळ आणि डिंकाची पारंपरिक शाई पोथ्यांवर शतकानुशतकं टिकली आहे आणि मला तिच्याबद्दल फार प्रेम आहे, पण तिची जागा दौतीत आहे. डिंक पेनात गेला की पेन संपलंच समजा. बाटलीवर 'फाउंटन पेन' असा स्पष्ट उल्लेख पाहूनच शाई घ्या. महागडी परदेशी बाटलीच हवी असंही नाही. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली, त्यातून कॅमलिन उभी राहिली, आणि कॅमलच्या निळ्या शाईवर आपल्या कित्येक पिढ्यांनी परीक्षा दिल्या. सुरुवातीला अशी साधी, धुतली जाणारी निळी शाईच उत्तम.

हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र आले की जो काळा रंग तयार होतो, त्याच तत्त्वावर लोहयुक्त शाया बनतात. काही 'ब्लू-ब्लॅक' शाया या जातीच्या असतात, सगळ्या नव्हेत. लिहिताना निळसर दिसतात, हवा लागून काळ्या होत जातात आणि पाण्यानं पुसल्या जात नाहीत. वर्षानुवर्षं ठेवायच्या वहीसाठी यासारखी शाई नाही. मात्र ती आम्लधर्मी असते, त्यामुळे पेनात आठवडेच्या आठवडे पडून राहू देऊ नका. रोज लिहा आणि महिन्याला एकदा पेन धुवा. साध्या निळ्या शाईनं पाकिटावर पत्ता लिहून पावसाळ्यात पोस्टात टाकणार असाल तर पत्ता वाळल्यावर त्यावरून मेणबत्ती हलक्या हातानं घासा. मेणाच्या थरामुळे अक्षर वाचतं.

दोन कंपन्यांच्या शाया पेनातच मिसळू नका. रंगद्रव्यं एकमेकांशी जुळली नाहीत तर साका बसतो. मिश्रण करून पाहायची हौस असेल तर औषधाच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या बाटलीत थोडं थोडं मिसळून दोन दिवस ठेवा आणि तळ पाहा. शाई घट्ट झाली म्हणून बाटलीत नळाचं पाणी ओतू नका, काही थेंब डिस्टिल्ड वॉटर पुरतं. पेनात उरलेली शाई बाटलीत परत टाकणं ही काटकसर महागात पडते, कारण पेनातली घाण सगळ्या बाटलीत उतरते. बाटलीत तवंग किंवा तंतू दिसले, कुबट वास आला, तर ती बुरशी आहे. बाटली फेकून द्या आणि त्या शाईचं प्रत्येक पेन धुऊन काढा. श्रावणात बाटल्या एकदा तरी उजेडात धरून बघाव्यात.

गरम पाणी, स्पिरिट, ब्लेड

धुणं म्हणजे साधं किंवा फार तर कोमट पाणी. उकळत्या पाण्यानं प्लास्टिकची जीभ वाकते. नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट, सॅनिटायझर यांनी कितीतरी पेनांची नळी पांढरट पडते, तडकते, काही तर विरघळतात. फारच हट्टी शाई असेल तर पेलाभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नंतर साध्या पाण्यानं दोनदा खळबळा. नवं पेनही असंच धुऊन वापरा, कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं आणि नवं कोरं पेन अडतं ते बऱ्याचदा त्यामुळे. जुनं एबोनाइट मात्र फार वेळ पाण्यात किंवा उन्हात ठेवू नका, काळा रंग जाऊन तपकिरी होतो. धुऊन झाल्यावर पेल्यात टीपकागद घालून त्यावर निब खाली करून पेन रात्रभर उभं ठेवा. भेगेत ब्लेड किंवा टाचणी घालायची आपली शाळेतली सवय सोडा. भेग आतून खरवडली गेली की शाई तिथून सरळ उतरत नाही.

खरखर आली की निब घासणं

निब फरशीवर किंवा काचेवर घासून 'गुळगुळीत' करायचा उद्योग आपण सगळ्यांनी केला आहे. टोकाला एका कठीण मिश्रधातूचा बारीक दाणा जोडलेला असतो. लोक त्याला इरिडियम म्हणतात. तो झिजला की परत येत नाही, त्याखालचं मऊ पोलाद कागद ओरबाडत राहतं.

आपल्या लिपीत या दोषाची सुरेख चाचणी आहे. एक लांब शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढा, मग तशीच उजवीकडून डावीकडे, आणि मग दहा काने वरून खाली. काना अलगद उतरतो पण आडवी रेघ एकाच दिशेनं अडखळते, असं झालं तर निबेचे दोन फाटे एका पातळीत नाहीत, एक वर आणि एक खाली आहे. दोन्ही दिशांना सारखीच खरखर असेल तर आधी कागद बदला आणि शाई पुरेशी उतरते का ते बघा. फाट्यांचा दोष भिंगाखाली, निब समोरून धरली की दिसतो. खाली गेलेला फाटा नखानं किंचित वर उचलायचा, लिहून बघायचं, पुन्हा किंचित. एका झटक्यात बरोबर करायला गेलं की निब वाकडी होते. हात थरथरत असेल तर हे काम जाणत्याकडे सोपवा.

शब्दाचं पहिलंच अक्षर उमटत नाही, पुढचं छान येतं, अशी तक्रार असेल तर टोपण घट्ट बसत नसावं किंवा हाताचा घाम कागदाला लागत असावा. मुंबईच्या मे महिन्यात पानाच्या वरच्या ओळी ठीक येतात आणि खालच्या तुटतात, त्याचं कारण हेच. तळहाताखाली एक कोरा कागद सरकवत न्या.

कागदाचा दोष पेनावर टाकणं

शाई फुटते, अक्षराला केस येतात, मजकूर मागच्या पानावर उमटतो. यात कागदाचा वाटा मोठा असतो. कागद बनवताना त्याला खळ देतात आणि ती कमी पडली की कागद टीपकागदासारखा शाई पितो. जाड कागद घेतला की झालं, असं नाही. नीट खळ दिलेला पातळ कागद शाई छान धरतो आणि जाडजूड हातकागद कधी कधी पहिल्याच अक्षराला फुटतो. वही घेताना तिच्या शेवटच्या पानावर पाच-सहा शब्द आणि एक फुली काढून पाहू द्या अशी दुकानदाराला विनंती करा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत मी नेहमी विचारतो, आणि सहसा 'नाही' म्हणत नाहीत.

मार्चमध्ये चांगली वाटलेली वही जुलैत फुटायला लागली तर गोंधळू नका. दमट हवेत कागद पाणी धरतो. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पावसाळ्यापुरती बारीक निब वापरा. उलट चकचकीत, लेप दिलेल्या कागदावर शाई वरच राहते आणि बोट लागलं की फरफटते. टीपकागद वरून दाबा, घासू नका. शाळेत आम्ही डागावर खडू टेकवायचो. डाग शोषला जायचा हे खरं, पण खडूची भुकटी निबेत गेली तर जीभ तुंबते.

अर्धी टाकी आणि घाट

ड्रॉपरनं भरायच्या पेनाची अख्खी नळी म्हणजे टाकी. राजमहेंद्रीचं रत्नम पेन याच घराण्यातलं. परदेशी पेनांना तोड म्हणून गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून पत्र लिहून त्याची वाखाणणी केली होती. शाई पुष्कळ मावते, सुटे भाग कमी, दुरुस्ती सोपी. फक्त एक समजून घ्यावं लागतं. शाई संपत आली की नळीत हवा जास्त असते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला खाली ढकलते. पेन ओकतं. म्हणून एक तृतीयांश शाई उरली की भरून टाका. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, व्हॅसलीन नको, त्यानं रबरी वायसर खराब होतो.

पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जाताना माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात अर्धं भरलेलं पेन होतं, तेही आडवं झालेलं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी. नळीतली हवा फुगली आणि शर्ट गेला. विमानातही तेच होतं. प्रवासात पेन काठोकाठ भरलेलं न्या किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर ठेवून.

जपून ठेवणं

'चांगलं पेन आहे, सहीपुरतं ठेवू' असं म्हणून ज्यांनी ठेवलं, त्यांचीच पेनं माझ्याकडे येतात. एका वेळी दोनच पेनांत शाई भरा, बाकीची धुऊन, कोरडी करून ठेवा. महिनाभर गावाला जाणार असाल तर तीही रिकामी करा. आणि लिहायला मोठा मजकूर हवा असं थोडंच आहे? औषधांच्या वेळा, फोनवर सांगितलेला पत्ता, डब्यात ठेवायची चिठ्ठी, भिशीचा हिशोब, दिवसाला पाच ओळी झाल्या तरी शाई वाहती राहते.

संक्रांतीनंतर आत्याचा फोन आला. "अडतंय रे तुझं पेन. चार आकडे उमटतात आणि बंद."

"कशावर लिहितेस?"

"दुधाचा हिशोब. कॅलेंडरवर."

"भिंतीवरच्या?"

भिंतीवर लिहिताना निब टाकीच्या वर जाते आणि शाई काही चढ चढून येत नाही. जिभेत साठलेली तेवढी संपते की पेन थांबतं. मी म्हटलं, कॅलेंडर खिळ्यावरून काढ, टेबलावर ठेव आणि मग लिही. फोन तसाच चालू ठेवून ती गेली. थोड्या वेळानं आवाज आला, "लिहिलं. आता खाडे मोजते, थांब जरा."