लूप आधी आलेखवहीवर काढा

इंजिनिअरिंगला कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारं सॉफ्टवेअर) म्हटलं की पोरांना पार्सर, म्हणजे त्यातला व्याकरण तपासणारा भाग, आठवतो, कारण मार्कं तिथं असतात. लूप ऑप्टिमायझेशन, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या कोडचा वेग वाढवणं, शेवटच्या युनिटात, घाईत उरकलेलं. नोकरीत मात्र माझा दिवस त्यातच जातो. म्हणून जुळे सोलापूरकडची ज्युनिअर पोरं "दादा, सुरुवात कुठनं करू?" विचारतात, तेव्हा मी आलेखवही घ्यायला सांगतो. टूल नंतर.

एकात एक दोन लूप घ्या. बाहेरचा ओळी मोजतो, आतला रकाने. प्रत्येक फेरी म्हणजे वहीवर एक ठिपका. लूपच्या मर्यादा म्हणजे बारावीच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगमधल्याच असमानता. त्यांनी वेढलेले ठिपके हाच पॉलिहेड्रल मॉडेलचा, म्हणजे लूपकडे भूमितीच्या आकृतीसारखं बघण्याचा, पाया.

समजा, प्रत्येक ठिपक्याला वरच्या ओळीतला, एक घर उजवीकडचा आकडा लागतो. तिथून इथवरचा बाण (१, −१): एक ओळ खाली, एक रकाना डावीकडे. लूपांची अदलाबदल केली की तो (−१, १) होतो. पहिलाच आकडा ऋण, म्हणजे किंमत तयार व्हायच्या आधीच वाचली जाणार. मनाई! आता रकान्याऐवजी 'ओळ अधिक रकाना' मोजा. बाण (१, ०) झाला. आता अदलाबदल केली तर (०, १), आणि बाहेरचा लूप चक्क समांतर चालवता येतो: प्रत्येक तिरकी रेघ प्रोसेसरच्या वेगळ्या कोअरला.

पण चालतं म्हणजे वेगात चालतं असं नाही. कॅशलाइन (मेमरीतून एका दमात येणारा तुकडा) बहुतेक ठिकाणी ६४ बाइटची, तीत डबलचे, म्हणजे ८ बाइटवाले, ८ आकडे. तिरकं चालल्यावर त्यातला एकच वापरून पुढं जायचं, बाकी सात वाया. टायलिंग, म्हणजे ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडून एकेक उरकणं, शिकायचं ते यासाठी.

विषय जुना आहे. लॅम्पोर्टची हायपरप्लेन पद्धत (अशाच तिरक्या रेघांची) १९७४ची, फोत्रिएचं शेड्युलिंग (कुठला ठिपका कधी, हे ठरवणं) १९९२चं. उदय बोंधुगुला यांचा प्लूटो, हे बदल आपोआप करणारं टूल, २००८चा. ते आता बेंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे आपल्या उद्यान एक्स्प्रेसच्या वाटेवरच. प्लूटो आधी चालवा, कारण तो सी भाषेतला कोड घेऊन सीच देतो, बदल डोळ्यांनी दिसतो. एलएलव्हीएम या कंपायलरमधला पॉली, तसंच टूल, त्यानंतर. पॉलीपासून सुरुवात करणारी पोरं आयआर (कंपायलरचं आतलं, मधलं रूप) वाचण्यातच दमतात.

मुलाखतीत मात्र हमखास उलटं विचारतात: हे मॉडेल कुठं चालत नाही? अ‍ॅरेचा इंडेक्स दुसऱ्या अ‍ॅरेतून येत असेल किंवा लिंक्ड लिस्टवर (प्रत्येक घर पुढच्याचा पत्ता सांगतं अशा यादीवर) फिरायचं असेल, तर बाण आधी काढताच येत नाहीत. ही उदाहरणंही त्याच वहीत काढून ठेवा.