शब्दकोड्यातला जमीनजुमला : या चुका टाळा

'जमिनीचा वंशपरंपरागत हक्क, तीन अक्षरी.' सकाळच्या लोकलमध्ये शेजारच्या काकांनी दादर सुटायच्या आत 'वारसा' लिहून टाकलं, तेही पेनाने. उभ्या ओळीत त्याच घरातून 'मिठागर' निघत होतं. आडवं उत्तर होतं 'मिरास'.

काकांचा अर्थ तसा चुकला नव्हता. मिरास हा मूळ अरबी शब्द वारशाचाच. पण महसुली मराठीत मिरास म्हणजे सारा (जमिनीवरचा कर) भरून पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसण्याचा हक्क. तो ज्याचा, तो मिरासदार. ज्याला नाही, तो उपरी. इथे घाईत 'उपरा' लिहिलंत की शेवटचं घर गेलं.

सगळ्यात जास्त फसवतं ते 'वतन'. हिंदी गाणी ऐकून आपल्याला मायदेश आठवतो, आणि सूचनेत 'पाटलाचा परंपरागत हक्क' असलं की 'वतन' सुचतच नाही. गावकीचं वंशपरंपरागत काम आणि त्यापोटी मिळणारी जमीन किंवा उत्पन्न, म्हणजे वतन. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950च्या कायद्याने गेली, कोड्यात मात्र अजून शाबूत आहेत. 'इनाम'ही तसंच : सूचनेत साऱ्याची माफी किंवा सूट दिसली तर 'बक्षीस' शोधत बसू नका.

'कूळ' तर तीन तोंडांचं. घराणं, दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि सावकाराच्या वहीतला देणेकरी. एकटा शब्द दीर्घ 'कू'ने लिहायचा. 1948च्या कायद्याच्या नावात मात्र 'कुळवहिवाट' ऱ्हस्व आहे. ऱ्हस्वदीर्घाला घर वेगळं नसतं, पण आडवा-उभा शब्द तिथेच अडतो.

घरं मोजताना जोडाक्षर एक, विसर्गाला वेगळं घर नाही. 'चतुःसीमा', म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी, चारच घरांत बसते. पाच मोजून 'कोडंच चुकलंय' म्हणणारे मी पाहिलेत. (एकदा तो मीच होतो.)

मुंबईकराने निदान मुंबईच्या शब्दांत तरी अडू नये. डोक्यावर पगडी, खोली भाड्याने घेताना मालकाला एकरकमी द्यायची ती पागडी; 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली ती दुसरीला. जमीन एकाची, वरचं घर दुसऱ्याचं आणि जमिनीचं भाडं चालू, ही फजंदारी. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. कुणी 'फाजंदारी'ही लिहितं, म्हणून पहिलं घर उभ्या शब्दावरून ठरवा.

आणि पेन्सिल वापरा. काकांनी 'र'ला काना जोडला, 'सा'चा काना खोडला, इथवर जमलं. 'वा'चा 'मि' करता करता घाटकोपर आलं आणि कागद फाटला.