नत्र तोडलं, तेल वाढलं? सूक्ष्मशैवालाच्या प्रयोगात या चुका टाळा

सूक्ष्मशैवालाचं नत्र तोडलं की पेशी तेल साठवते, हे वाक्य एम.एस्सी.च्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सापडतं. वाक्य खोटं नाही, फक्त अर्धवट आहे. नत्र संपलं की नवी प्रथिनं बनत नाहीत, त्यामुळे विभाजन थांबतं. प्रकाश मात्र पडतच राहतो आणि कार्बनही आत येत राहतो. या कार्बनला आणि प्रकाशातून आलेल्या इलेक्ट्रॉन्सना कुठेतरी जागा द्यावी लागते. म्हणून आधी स्टार्च आणि मागोमाग ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपण ज्याला तेल म्हणतो ते, साठू लागतं. त्याच वेळी पेशी स्वतःचे रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं), रुबिस्को (कार्बन पकडणारं एन्झाइम) आणि हरितलवकातलं इलेक्ट्रॉन वाहून नेणारं सायटोक्रोम बी6एफ मोडून नत्र परत मिळवत असते. ही सगळी घडामोड दोन-तीन दिवस चालते. बहुतेक चुका होतात त्या या काळात फक्त एकदाच नमुना घेतल्यामुळे, किंवा आकडा कशाने भागला याकडे लक्ष न दिल्यामुळे.

खालचं बरंचसं क्लॅमिडोमोनास राइनहार्टी या एकपेशीय हिरव्या शैवालाबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सुरुवात बहुधा त्यानेच होते.

कल्चर पिवळं पडतच नाही

उपासमारीत क्लोरोफिल घटून कल्चर, म्हणजे द्रावणात वाढवलेलं शैवाल, पिवळं पडायला हवं. तसं झालं नाही तर पहिला संशय पेशी धुण्यावर घ्या. टॅप (ट्रिस-एसिटेट-फॉस्फेट) या नेहमीच्या मीडियममध्ये, म्हणजे वाढीच्या द्रावणात, लिटरला सुमारे 0.4 ग्रॅम अमोनियम क्लोराइड असतं, म्हणजे साधारण 7.5 मिलिमोलर. 50 मिली कल्चर सेंट्रीफ्यूज केलं, तळाला बसलेल्या पेशींच्या गोळ्यावर (पेलेटवर) 1 मिली जुनं मीडियम राहिलं आणि ते तसंच 50 मिली नत्रविरहित मीडियममध्ये घातलं, तर जास्तीत जास्त 0.15 मिलिमोलर अमोनियम सोबत जातं. एवढ्याने उपासमार टळत नाही, पण तिची सुरुवात काही तास पुढे सरकते आणि तुमचा ‘शून्य तास’ खोटा ठरतो. नत्रविरहित मीडियमनेच दोनदा धुवा, पण हलक्या हाताने. जोरात फिरवलं की पेशी कशाभिका (पोहायचे शेपटीसारखे तंतू) टाकतात, आणि पेशीभित्ती नसलेले स्ट्रेन (वाण) तर फुटतातच. फुटलेल्या पेशींतलं नत्र उरलेल्यांच्या तोंडी जातं.

अमोनियम क्लोराइड काढताना त्याजागी तेवढंच सोडियम किंवा पोटॅशियम क्लोराइड घाला, म्हणजे फरक फक्त नत्राचा राहील. ‘टॅपमधला पीएच स्थिर ठेवणारा घटक जो ट्रिस, त्यातही नत्र आहे की!’ असा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो. आहे, पण क्लॅमिडोमोनासला ते वापरता येत नाही. सूक्ष्म घटकांच्या द्रावणातलं अमोनियम मॉलिब्डेटही टॅपमधल्या अमोनियमच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी असतं, त्याची काळजी नको.

नायट्रेट घातलं तरी वाढ नाही

ही उलटी तक्रार. ‘नायट्रेटवर वाढवू आणि मग तोडू’ असं ठरवून क्लॅमिडोमोनासचा सीसी-124 किंवा सीसी-125 हा स्ट्रेन घेतला जातो, आणि कल्चर पहिल्या दिवसापासूनच उपाशी राहतं. या दोन्ही स्ट्रेनमध्ये निट1 आणि निट2 ही जनुकं बिघडलेली आहेत, नायट्रेट त्यांना पचवताच येत नाही. अमोनियम द्या, नाहीतर सीसी-1690 सारखा नायट्रेट वापरणारा स्ट्रेन मागवा. स्ट्रेनचा पूर्वेतिहास वाचायला दहा मिनिटं लागतात आणि कोणीच वाचत नाही.

तेल ‘चौपट’ आलं

इथे जरा थांबू. समजा, प्रत्येक पेशीतलं तेल दुप्पट झालं आणि क्लोरोफिल निम्मं झालं. क्लोरोफिलमागे तेल मोजलंत तर वाढ चौपट दिसेल. उपासमारीत क्लोरोफिल घटतंच, त्यामुळे ते भाजक म्हणून धरणं म्हणजे उंची मोजताना पट्टीच आखडून घेणं. ओडी, म्हणजे कल्चर किती गढूळ ते प्रकाशाने मोजणारं रीडिंग, त्याचंही तेच. स्टार्च आणि तेलाने फुगलेली पेशी जास्त प्रकाश विखुरते, म्हणून पेशींची संख्या थांबली तरी 750 नॅनोमीटरचं रीडिंग चढत राहतं. कोरडं वजनही स्टार्चमुळे वाढतं. हिमोसायटोमीटर या मोजणीच्या काचपट्टीवर पेशी मोजा, आकडा पेशीमागेही द्या आणि लिटरमागेही.

लिटरमागे का, तेही सांगतो. समजा, पोटभर नत्र असलेलं कल्चर दिवसाला लिटरमागे 0.3 ग्रॅम वाढतं आणि त्यात 15 टक्के तेल आहे, तर तेल झालं 45 मिलिग्रॅम. उपाशी कल्चरमध्ये तेल 40 टक्के, पण वाढ फक्त 0.08 ग्रॅम, म्हणजे 32 मिलिग्रॅम. टक्के वाढले, तेल घटलं. अमेरिकेने 1978 ते 1996 शैवालापासून इंधनाचा मोठा सरकारी कार्यक्रम चालवला. त्याच्या 1998 च्या अहवालातही हेच आहे: उपासमारीने तेलाचं प्रमाण वाढतं, पण वाढच मंदावत असल्यामुळे एकूण उत्पादनात फायदा होत नाही. तरीही ‘40 टक्के तेल’ असं शीर्षक आजही पोस्टरवर झळकतं.

डाय लावला, काहीच चमकत नाही. किंवा सगळंच चमकतं

तेलाला चमक देणारा नाइल रेड हा डाय जाड पेशीभित्तीतून सहज आत जात नाही. क्लोरेला किंवा नॅनोक्लोरोप्सिस असेल तर डाय आत न्यायला थोडं डीएमएसओ हे द्रावक लागतं, आणि किती ते प्रत्येक प्रजातीसाठी ठरवून घ्यावं लागतं. पिवळ्या भागातली चमक तेलाच्या थेंबांची. लाल भागात पेशीपटलांचे लिपिड आणि क्लोरोफिलची स्वतःची चमक मिसळते. न रंगवलेला नमुना सोबत हवाच. एकूण फॅटी अ‍ॅसिडच्या जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) आकड्याला थेट ‘तेल’ म्हणू नका, त्यात पटलंही आलीच. आधी टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) ट्रायग्लिसराइडचा पट्टा वेगळा करा.

स्टार्च न बनवणारा एसटीए6 म्युटंट (जनुक बिघडलेला स्ट्रेन) वापरून ‘स्टार्च अडवला की तेल वाढतं’ हे दाखवायचं असेल, तर तुलना त्याच्या मूळ स्ट्रेनशी आणि जनुक परत बसवलेल्या स्ट्रेनशी करा. प्रयोगशाळेतल्या साध्या स्ट्रेनमध्येही तेलाचा फरक मोठा असतो. कपाटातला कुठलाही हिरवा फ्लास्क ‘कंट्रोल’ होत नाही.

रंगावरून निदान

पिवळेपणा लोह कमी पडल्यानेही येतो. ड्युनालिएला हे खाऱ्या पाण्यातलं शैवाल नत्राअभावी प्रखर उन्हात बीटा-कॅरोटीनने केशरी होतं, हे खरं. पण जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा अनेकांनी लगेच ड्युनालिएलाचं नाव घेतलं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे वेगळेच सूक्ष्मजीव. मायक्रोस्कोपखाली न बघता रंगावर बोलू नये.

कल्चर उपाशी आहे की मेलंय, अशी शंका आली तर 7.5 मिलिमोलर अमोनियम परत द्या. जिवंत पेशी दिवसभरात स्टार्च आणि तेल खर्चायला लागतात, पुढच्या एक-दोन दिवसांत हिरव्या होतात. तसं झालं नाही तर त्या बॅचचे तेलाचे आकडे वहीत ठेवा, आलेखात नको.

स्पिरुलिनावाल्यांसाठी

स्पिरुलिना हा सायनोबॅक्टेरिया आहे, उपाशी ठेवून त्यातून तेल निघत नाही. नत्र संपलं की तो आधी फायकोसायनिन मोडतो, म्हणजे ज्या निळ्या रंगाचे पैसे मिळतात तोच जातो, आणि साठवतो ग्लायकोजेन हे स्टार्चसारखं कर्बोदक. टाकी पिवळसर दिसू लागली की आधी नायट्रेट तपासा. स्पिरुलिनासाठीच्या नेहमीच्या झारूक मीडियममध्ये ते लिटरला 2.5 ग्रॅम सोडियम नायट्रेट इतकं असतं. स्वस्त म्हणून एकदम युरिया ओतू नका. पीएच 10 च्या आसपास त्यातून सुटणारा बहुतेक अमोनियम विषारी अमोनियाच्या रूपात असतो. द्यायचाच तर रोज थोडा थोडा, सकाळी, आणि पीएच बघून.