पोरगं सैन्याच्या ट्रेनिंगला गेलंय? घरच्यांनी या चुका टाळा

पहिल्या रविवारी पोराचा फोन आला तेव्हा आमच्या घरात अकरा माणसं जमली होती. चुलते, आत्या, शेजारच्या काकू, सगळे सकाळपासून वाट बघत बसलेले. फोन हातोहात फिरला. "जेवलास काय?" हा एकच प्रश्न त्याला सहा जणांनी विचारला. माझ्या हातात फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, टाईम संपला, मागं लाईन हाय." त्याला काहीतरी सांगायचं होतं, हे आवाजावरून कळलं. काय, ते कळायला पुढचा रविवार उजाडावा लागला.

त्याच्या नडगीत दुखत होतं. आणि मी म्हणाले, "सोस थोडं, बाळा. सगळ्यांचंच दुखत असणार."

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. कोल्हापूर जिल्ह्यात घरटी एखादा फौजी निघतो, शिरोळ तालुक्यात तर गावाच्या नावातच 'सैनिक' आहे, सैनिक टाकळी. त्यामुळं 'सोस' हा शब्द आपल्या तोंडात लगेच येतो. पण भरतीसाठी पोरं तयारी करतात ती 1.6 किलोमीटरची, साडेपाच मिनिटांच्या आत पळायची. ट्रेनिंगमध्ये तेच पाय दिवसभर बुटात असतात: पहाटे पीटी, मग ड्रिल, पाठीवर वजन घेऊन चालणं, चुकलं की उस्तादांचा, म्हणजे शिकवणाऱ्यांचा रगडा, शिक्षेचा व्यायाम. हाडावर अचानक एवढा भार आला की ते आधी थोडं झिजतं आणि मग नव्यानं भरतं. या मधल्या आठवड्यांत हाड कच्चं असतं. तेव्हा दुखणं लपवून पळत राहिलं की बारीक तडा जातो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

फोनवर विचारायचं ते असं: दुखणं नडगीभर पसरलंय की बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागी आहे? अंग तापल्यावर कमी होतं की वाढत जातं? रात्री पडल्यावरही ठणकतं का? त्या पायावर लंगडी घालता येते का? एकाच जागी दुखतंय, आडवं पडल्यावरही ठणकतंय, लंगडी जमत नाही, तर त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच एमआय रूमला, म्हणजे सेंटरमधल्या दवाखान्यात जायला हवं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साधा येऊ शकतो. म्हणून "एक्स-रेत काही निघालं नाही" म्हणाला तरी दुखणं थांबत नसेल तर पुन्हा दाखवायला सांगा. आणखी एक: खूप रगडा झाल्यावर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर रविवारची वाट न बघता त्याच क्षणी सांगायचं. स्नायू फुटून किडनीवर ताण आल्याची ती खूण असते.

पोरं लपवतात ती रिलेगेट व्हायच्या भीतीनं, म्हणजे मागच्या बॅचला टाकतील म्हणून. माझा मुलगा झाला रिलेगेट. वेळेत सांगितलं असतं तर बहुधा विश्रांतीवर भागलं असतं. पण रिलेगेट होणं म्हणजे नापास होणं नव्हे, हे त्याला घरातून कोणीतरी ठामपणे सांगायला लागतं. आणि ते सांगणं अवघड झालं, कारण चौकात फलक लागला होता.

आपल्याकडं भरतीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी डिजिटल फलक उभा राहतो. फेटा बांधलेला फोटो, खाली मित्रमंडळाची नावं, वर 'गावाचा वाघ'. हौस मला कळते, आम्हीही केली. पण तिसऱ्या आठवड्यात पोरगं दमून बसतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं तो फलक येतो. "आई, आता परत आलो तर चौकातनं कसा जाऊ?" असं माझा मुलगा म्हणाला होता. फलक लावायचाच असेल तर कसम परेड, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर शपथ घ्यायची परेड, झाल्यावर लावा. आणि त्यावर रेजिमेंट, बॅच, ट्रेनिंग सेंटर लिहू नका. तेच मोबाईलचं: वर्दीतला फोटो, कुठल्या गाडीनं निघाला, कुठं पोस्टिंग मिळालं, यातलं काहीही स्टेटसला ठेवू नये. सैन्यानं 2020 मध्ये जवानांना फेसबुकसकट 89 ॲप काढून टाकायला लावली, ती उगीच नाही.

फोनचं आम्ही पुढं असं बसवलं. एका वेळी एकच माणूस बोलणार, बाकीचे बाजूला. पहिली दोन मिनिटं आपण गप्प बसायचं, त्याला बोलू द्यायचं. "बाळा, कसं वाटतंय, अंग कसं आहे?" एवढंच विचारायचं. भाऊबंदकीची भांडणं, उसाचं बिल, आजोबांचा खोकला हे त्याच्या कानावर घालायचं नाही. मात्र घरात खरोखरच गंभीर आजार किंवा मृत्यू झाला तर लपवू नका. सेंटरच्या कार्यालयात कळवा, कागदपत्रं द्या, सुट्टीचा निर्णय तिथं होतो. एखाद्या रविवारी फोन आलाच नाही तर घाबरून सेंटरला दहा फोन लावू नका. फायरिंगला किंवा बाहेर कॅम्पला नेलेलं असतं.

"तुमच्या मुलाला अपघात झालाय, ऑपरेशनला पैसे लगेच पाठवा" असा अनोळखी फोन आला तर एक रुपयाही पाठवायचा नाही. जवानाचा इलाज सैन्याच्या रुग्णालयात होतो, त्याला घरून पैसे लागत नाहीत. सेंटरचा नंबर पोरगं जायच्या आधीच वहीत लिहून ठेवा आणि तिथंच खात्री करा. चांगलं पोस्टिंग करून देतो म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

पैशांचं थोडक्यात. अग्निवीराला, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेल्या जवानाला, पहिल्या वर्षी महिन्याला 30,000 धरले तरी त्यातले 9,000 सेवानिधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या फंडात जातात, हातात 21,000 येतात. त्याच्या जिवावर ट्रेनिंगमध्येच बुलेटचा हप्ता बांधू नका. चार वर्षांनी बॅचमधल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांनाच पुढं कायम घेतात.

मुलगी गेली असेल तर आणखी एक. मिलिटरी पोलिसात भरती झालेल्या मुलींची 83 जणींची पहिली तुकडी मे 2021 मध्ये बंगळूरला पास आऊट झाली, तेव्हापासून आपल्याकडच्याही मुली जिद्दीनं तयारी करतात. तिला फोनवर "केस कापले काय गं, काळी पडलीस काय" असं विचारू नका. स्थळाचा विषय तर अजिबात नको. अग्निवीर भरतीला अविवाहित असावं लागतं, आणि तिच्या डोक्यात तेव्हा फक्त उद्याची पीटी असते. पाळी चुकली तर मात्र दोन-तीन महिने अंगावर काढू नकोस, एमआय रूमला सांग, असं आईनं स्पष्ट बोलावं. कमी खाणं आणि जास्त कष्ट यानं पाळी जाते, आणि मुलींच्या हाडांना तडे जायला तेच मोठं कारण ठरतं.

पोरगं आमच्यासारखं बेळगावच्या सेंटरला असेल तर कसम परेडला जाताना पहाटे लवकर निघा. कोल्हापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. सगळ्यांची आधार कार्डं जवळ ठेवा आणि किती जणांना आत सोडतात ते आधी विचारून घ्या. आमच्या मुलानं मागच्या बॅचबरोबर कसम खाल्ली, छाती तेवढीच पुढं होती. त्याच्यासाठी आम्ही मापाच्या नव्या कोल्हापुरी चपला नेल्या होत्या, त्या बसल्याच नाहीत. बुटात राहून पाय पसरला होता. चपला तो घरी आल्यावरच घ्या.